पूल पाडला, करार टिकला : जावा आणि डेटाबेस यांच्या जोडणीचा आढावा

मार्च २०१४ मध्ये जावाची आठवी आवृत्ती बाहेर पडली. लॅम्डा, स्ट्रीम्स अशा नव्या सोयींची तेव्हा भरपूर चर्चा झाली. त्याच आवृत्तीतून एक जुना घटक कायमचा वगळला गेला, त्याची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही. त्याचे नाव जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत आणि गावोगावच्या संगणक क्लासेसमध्ये जावा शिकलेल्या असंख्य मुलामुलींची डेटाबेसशी पहिली गाठ याच पुलावर पडली. कंट्रोल पॅनेल उघडायचे, ‘डेटा सोर्सेस’मध्ये जाऊन डीएसएन म्हणजे ‘डेटा सोर्स नेम’ तयार करायचा, त्याला अ‍ॅक्सेसची फाइल जोडायची आणि मग प्रोग्रॅममध्ये ‘क्लास डॉट फॉरनेम’ची ती लांबलचक ओळ लिहायची, हा क्रम प्रयोगवहीतून तोंडपाठ झालेला असे.

दोन परकी जगे जोडताना तात्पुरती सोय कशी करावी, ती कधी मोडावी आणि मोडल्यावर मागे काय उरले पाहिजे, याचा हा पूल म्हणजे उत्तम वस्तुपाठ आहे. पूल गेला, पण तो ज्या करारासाठी बांधला होता तो करार आजही जावातल्या लक्षावधी ओळींच्या प्रोग्रॅमना पोसतो आहे. तो करार कसा जन्मला आणि पुलाने त्याला कसा हात दिला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पुलाआधीची कोंडी

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. माहिती टेबलांत ठेवावी, आणि ती डिस्कवर कुठे व कशी पडली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, हे त्या मांडणीचे सार. १९७४ मध्ये आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा सुचवली. तीच पुढे एसक्यूएल झाली. १९७९ मध्ये ओरॅकलचे पहिले विक्रीयोग्य उत्पादन आले आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या एएनएसआय या संस्थेने एसक्यूएलचे प्रमाणीकरण केले.

भाषा एक झाली म्हणून अडचण सुटली असे मात्र झाले नाही. ‘अमुक टेबलातून तमुक ओळी दे’ हे वाक्य बहुतेक सगळ्या डेटाबेसना समजू लागले, पण ते वाक्य डेटाबेसपर्यंत पोहोचवायचे कसे आणि उत्तर परत आणायचे कसे, याची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. सी किंवा कोबॉलच्या प्रोग्रॅममध्ये एसक्यूएल मिसळायचे आणि कंपनीने दिलेल्या प्रीकंपायलरमधून तो प्रोग्रॅम काढायचा, अशी पद्धत होती. म्हणजे ओरॅकलसाठी बांधलेला प्रोग्रॅम सायबेसवर न्यायचा झाला, तर नव्याने बांधणी आली. ग्राहक एकदा एका कंपनीच्या दारात गेला की तिथेच अडकून पडे.

ही कोंडी फोडण्यासाठी १९८९ मध्ये अनेक कंपन्या एकत्र आल्या आणि ‘एसक्यूएल अ‍ॅक्सेस ग्रुप’ हा गट तयार झाला. प्रोग्रॅमने डेटाबेसला हाक कशी मारायची याचा एक सामाईक मसुदा या गटाने आणि एक्स-ओपन या संस्थेने पुढे नेला. त्याच मसुद्याच्या पायावर मायक्रोसॉफ्टने सिम्बा टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या साहाय्याने काम केले आणि १९९२ मध्ये ‘ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी’ म्हणजे ओडीबीसीची पहिली आवृत्ती आणली.

ओडीबीसीची रचना साधी होती आणि तिची ताकदही त्यातच होती. प्रोग्रॅम थेट डेटाबेसशी बोलत नाही. तो ‘ड्रायव्हर मॅनेजर’ला हाक मारतो. ड्रायव्हर मॅनेजर डीएसएनचे नाव पाहून योग्य तो ड्रायव्हर उचलतो आणि हाक त्याच्या हवाली करतो. त्या डेटाबेसची खासगी बोली फक्त त्या ड्रायव्हरला ठाऊक असते. डेटाबेस बदलला की ड्रायव्हर बदलायचा, प्रोग्रॅम तसाच. एक्सेलच्या पानावर ओरॅकलमधली आकडेवारी आणणे किंवा व्हिज्युअल बेसिकच्या खिडकीत अ‍ॅक्सेसमधली बिले दाखवणे हे काही वर्षांतच नित्याचे झाले.

जावा आली आणि प्रश्न नव्याने उभा राहिला

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जगापुढे ठेवली. एकदा लिहा आणि कुठल्याही यंत्रावर चालवा, हे तिचे वचन होते. पण कार्यालयीन कामकाजाची भाषा व्हायचे तर डेटाबेसशिवाय गत्यंतर नव्हते. ग्रॅहम हॅमिल्टन आणि रिक कॅटल यांच्या पुढाकाराने सनने १९९६ मध्ये जेडीबीसीचा आराखडा जाहीर केला. फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या जेडीके १.१ मध्ये तो जावाचा अधिकृत भाग झाला.

इथे एक रास्त प्रश्न विचारला गेला: ओडीबीसी तयार असताना जावाने वेगळा संसार का थाटायचा? ओडीबीसी सी भाषेसाठी घडवलेले होते. त्यात स्मृतीतल्या जागांचे थेट पत्ते, म्हणजे पॉइंटर, सढळ हाताने वापरलेले होते, आणि जावाने सुरक्षिततेसाठी नेमके तेच टाळले होते. शिवाय ओडीबीसीचा ड्रायव्हर प्रत्येक संगणकावर हाताने बसवावा लागे. कुठेही चालण्याचे वचन दिलेल्या भाषेला ती अट परवडणारी नव्हती. म्हणून जेडीबीसीने एक्स-ओपनच्या मसुद्यातली मूळ कल्पना घेतली आणि ती जावाच्या वळणाने नव्याने मांडली. कनेक्शन, स्टेटमेंट, रिझल्टसेट ही त्रयी तिथूनच आली.

जेडीबीसी हा मुळात करार आहे. त्यात काम करणारा कोड फार थोडा. कनेक्शनने काय करायला हवे, रिझल्टसेटने ओळी कशा द्यायला हव्यात, एवढेच तो सांगतो. प्रत्यक्ष काम करणारा ड्रायव्हर डेटाबेस कंपनीने किंवा इतर कुणी लिहायचा. पण १९९६ मध्ये असे ड्रायव्हर होतेच कुठे? करार कागदावर तयार, पाळणारे जवळजवळ कुणी नाही. ड्रायव्हर नाहीत म्हणून कुणी जेडीबीसी वापरणार नाही आणि कुणी वापरत नाही म्हणून ड्रायव्हर लिहिले जाणार नाहीत, असा पेच होता.

तो सोडवण्यासाठी सनच्या जावासॉफ्ट विभागाने इंटरसॉल्व्ह या कंपनीबरोबर एक ड्रायव्हर तयार केला. तो स्वतः कुठल्याही डेटाबेसशी बोलत नसे. जावाकडून आलेली जेडीबीसी हाक तो ओडीबीसीच्या हाकेत रूपांतरित करी आणि यंत्रावर आधीपासून असलेल्या ओडीबीसी ड्रायव्हरकडे सोपवी. एका झटक्यात ओडीबीसीच्या कक्षेतले सगळे डेटाबेस जावाला खुले झाले. हाच तो पूल. तो तात्पुरता आहे, प्रयोगासाठी आणि दुसरा ड्रायव्हर मिळत नसेल तेव्हाच वापरावा, हे सनने सुरुवातीपासून सांगून ठेवले होते.

पुलावरून जाताना

विंडोजवरच्या अ‍ॅक्सेसचे उदाहरण घेऊ. प्रोग्रॅम ‘जेडीबीसी, ओडीबीसी आणि डीएसएनचे नाव’ असा तीन भागांचा पत्ता देतो. जावाचा ड्रायव्हर मॅनेजर नोंदलेल्या ड्रायव्हरना एकेक करून हा पत्ता दाखवतो आणि पूल तो ओळखतो. मग हाक जावाच्या हद्दीतून बाहेर पडते. जावा नेटिव्ह इंटरफेस या दारातून ती सीमध्ये लिहिलेल्या एका डीएलएलमध्ये शिरते, तिथून विंडोजच्या ओडीबीसी ड्रायव्हर मॅनेजरकडे, तिथून अ‍ॅक्सेसच्या ओडीबीसी ड्रायव्हरकडे, तिथून जेट इंजिनाकडे, आणि अखेर एमडीबी फाइलकडे. उत्तराची प्रत्येक ओळ याच वाटेने उलटी येते.

फिर्यादीची भाषा एक, न्यायाधीशांची दुसरी आणि मध्ये दोन दुभाषे असले म्हणजे कोर्टात जे होईल, तेच इथे होत असे. काम चाले, पण वेळ दुप्पट लागे आणि बारकावे गळून पडत. ओडीबीसीच्या काही ड्रायव्हरमध्ये रकाने डावीकडून उजवीकडे क्रमानेच वाचावे लागत. एकाच रकान्याला दुसऱ्यांदा हात लावला की ‘नो डेटा फाउंड’ अशी चूक येई आणि टेबलात माहिती असूनही प्रोग्रॅम ती नाही असे का म्हणतो, या कोड्यात विद्यार्थी पडे. सीमधल्या भागात गडबड झाली तर जावाची अपवाद हाताळण्याची सोय उपयोगी पडत नसे, सबंध जावा यंत्रणाच कोसळे. अनेक धाग्यांनी एकदम काम करणाऱ्या सर्व्हरसाठी तर हा पूल योग्य नव्हताच. ब्राउझरमधल्या अ‍ॅपलेटलाही तो वर्ज्य होता, कारण अनोळखी अ‍ॅपलेटला यंत्रावरच्या सी-कोडला हात लावण्याची मुभा नसे.

चार प्रकारांची उतरंड

सनने ड्रायव्हरचे चार प्रकार पाडले. परीक्षेत हा प्रश्न आजही येतो, पण ती विभागणी पाठांतरापेक्षा अधिक मोलाची आहे. पहिला प्रकार म्हणजे पूल. दुसऱ्यात ओडीबीसीचा टप्पा गळतो आणि ड्रायव्हर त्या डेटाबेसच्या स्वतःच्या सी-लायब्ररीला हाक मारतो. ओरॅकलचा ओसीआय ड्रायव्हर या जातीचा. तिसऱ्यात ड्रायव्हर शुद्ध जावाचा असतो, पण तो मधल्या एका सर्व्हरशी बोलतो आणि तो सर्व्हर डेटाबेसशी. हा प्रकार काही काळ मोठ्या कंपन्यांत चालला.

चौथा प्रकार जिंकला. त्यात ड्रायव्हर शुद्ध जावाचा असतो आणि नेटवर्कवरून डेटाबेसच्या स्वतःच्या शिष्टाचारात थेट बोलतो. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर, मायएसक्यूएलचा ३३०६ वर, ओरॅकलचा ‘थिन’ १५२१ वर आणि एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ वर जातो. यंत्रावर काही बसवायला नको, डीएसएन नको, डीएलएल नको. एक जार फाइल ठेवली की झाले. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आपल्या जेडीबीसी ड्रायव्हरचा मूळ कोडही खुला केला. एकेकाळी ओडीबीसी घडवणारी कंपनी जावासाठी स्वतंत्र, खुला ड्रायव्हर सांभाळते, इतके चित्र बदलले.

पहिल्यापासून चौथ्यापर्यंत जाताना मधला एकेक दुभाषा कमी होत गेला. प्रोग्रॅमच्या बाजूने मात्र जवळजवळ काहीच बदलले नाही. पुलावर लिहिलेला प्रोग्रॅम थेट ड्रायव्हरवर नेताना बहुधा पत्त्याची आणि ड्रायव्हरच्या नावाची ओळ बदलली की भागे. २००६ अखेर आलेल्या जावा ६ नंतर तर ड्रायव्हरचे नाव सांगणेही गरजेचे उरले नाही, कारण जार फाइलमधली नोंद वाचून जावा ते स्वतःच शोधू लागली. करार चांगला असला की कामकरी बदलता येतात, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा संगणकशास्त्रात मला ठाऊक नाही.

मराठी नावांची प्रश्नचिन्हे

या पुलाची एक खोट मराठी वाचकाने विशेष समजून घ्यावी अशी आहे. जावाच्या अक्षरमाला जन्मापासून युनिकोडच्या होत्या. अ‍ॅक्सेसनेही अ‍ॅक्सेस २००० पासून, म्हणजे जेट ४.० पासून, मजकूर युनिकोडमध्ये साठवायला सुरुवात केली. दोन्ही काठांवर देवनागरी सुखरूप होती. तरीही ‘सावित्री’ हे नाव पुलावरून पाठवले की पलीकडे प्रश्नचिन्हांची रांग पोहोचे.

कारण मधल्या वाटेत होते. हा पूल ओडीबीसीच्या युनिकोड हाका वापरत नसे, जुन्या ‘एएनएसआय’ हाका वापरत असे. या हाकांतून मजकूर जाताना तो विंडोजच्या एखाद्या जुन्या संकेतपानात, म्हणजे कोडपेजमध्ये, बसवावा लागतो. रोमन, ग्रीक, रशियन, अरबी, थाई अशा लिप्यांसाठी विंडोजमध्ये अशी पाने होती. देवनागरीसाठी मात्र विंडोजने असे ‘एएनएसआय’ संकेतपान कधीच दिले नाही. देवनागरीचा आधार आला तो थेट युनिकोडमधून. त्यामुळे इतर काही लिप्यांना सेटिंग बदलून कशीबशी वाट काढता येई, देवनागरीला तीही नव्हती.

याच काळात महाराष्ट्रातली बहुतेक कार्यालये युनिकोडवर आलेली नव्हती. सी-डॅकचे आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणाल्यांतले फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवत. डेटाबेसच्या दृष्टीने तो निव्वळ रोमन चिन्हांचा गोंधळ होता आणि म्हणूनच तो पुलावरून बऱ्याच अंशी सुखरूप पार होई. जुन्या फॉन्टमधली मराठी चालते आणि खरी मराठी चालत नाही, अशी विपरीत स्थिती होती. अनेक ठिकाणी प्रोग्रॅमरने हाच धडा घेतला की जुना फॉन्टच बरा, आणि युनिकोडकडे जाणे लांबले. त्याची किंमत आजही मोजावी लागते. अशा नोंदी शोधता येत नाहीत, वर्णक्रमाने लावता येत नाहीत, दुसऱ्या प्रणालीत नेताना अक्षर न् अक्षर रूपांतरित करावे लागते.

थेट ड्रायव्हरने मधली अडचण दूर केली, पण शेवटची जबाबदारी अजून आपलीच आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकुराचा रकाना ‘एनव्हारचार’ हवा. साधा ‘व्हारचार’ ठेवला, तर युटीएफ-८ची मुद्दाम निवड केल्याशिवाय तीच जुनी प्रश्नचिन्हे परत येतात. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत नकळत लॅटिन संच निवडला जाई, आठव्या आवृत्तीपासून युटीएफ-८चा पूर्ण संच आपोआप मिळतो. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस तयार करतानाच युटीएफ-८ निश्चित केले की पुढे चिंता नाही.

नावांचीच आणखी एक गोष्ट. पुलाच्या काळातल्या शिकाऊ प्रोग्रॅममध्ये एसक्यूएलचे वाक्य तुकडे जोडून बनवले जाई. वसईकडच्या किंवा गोव्यातल्या डिसोझांचे नाव रोमन लिपीत टाकले की ‘डी’नंतरच्या अवतरणचिन्हाने ते वाक्य मध्येच तुटे. ज्या फटीतून डिसोझांचे नाव वाक्य मोडते, त्याच फटीतून लबाड माणूस स्वतःची आज्ञा आत सरकवू शकतो. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ हा त्यावरचा उपाय जेडीबीसीच्या पहिल्या आवृत्तीपासून करारात आहे. वाक्य आधी ठरते, मूल्ये नंतर वेगळी जातात आणि मूल्यातले कुठलेही चिन्ह आज्ञा बनू शकत नाही. हा उपाय असूनही तुकडे जोडण्याची सवय अभ्यासक्रमांतून हटायला फार वेळ लागला.

पूल पाडला तेव्हा

पुलाला शेवटचा मोठा धक्का ६४ बिटांच्या यंत्रांनी दिला. ६४ बिटांची जावा ३२ बिटांचा ओडीबीसी ड्रायव्हर उचलू शकत नाही आणि अ‍ॅक्सेसचा जुना जेट ड्रायव्हर ३२ बिटांचाच होता. विंडोजमध्ये ओडीबीसीची मांडणी करणारे दोन वेगळे प्रोग्रॅम आले, एक ६४ बिटांचा आणि दुसरा ३२ बिटांचा, आणि दोन्हींच्या फाइलचे नाव एकच. एकात केलेला सिस्टिम डीएसएन दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला उपयोगी पडेना. कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ म्हणू लागला.

२०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ओरॅकलकडे गेली. ओरॅकलने जावा ७ च्या काळातच पूल काढणार असल्याचे कळवले आणि जावा ८ मध्ये तो काढला. डेटाबेस बनवणाऱ्यांचाच ड्रायव्हर वापरा, हा सल्ला त्यासोबत दिला. काहींनी जावा ७ मधले तुकडे उचलून जावा ८ मध्ये चिकटवले. असा मार्ग धरू नये. ज्या भागाला कुणी वाली नाही, त्याच्यावर कार्यालयाचे दफ्तर टांगणे धोक्याचे आहे.

अ‍ॅक्सेसच्या फाइली अजूनही असतील त्यांच्यासाठी ‘यूकॅनअ‍ॅक्सेस’ हा शुद्ध जावातला मुक्त ड्रायव्हर आहे. तो जॅकसेस या लायब्ररीच्या साहाय्याने फाइल थेट वाचतो, माहिती एचएसक्यूएलडीबी या छोट्या डेटाबेसमध्ये स्मृतीत उभी करतो आणि एसक्यूएल तिथे चालवतो. विंडोज असायलाच हवे असे नाही, लिनक्सवरही तो चालतो आणि मराठी युनिकोड सुखरूप पोहोचते. फाइल मोठी असेल तर पहिल्या जोडणीला वेळ लागतो.

ओडीबीसी मात्र मेले नाही. एक्सेल, पॉवर बीआय, टॅब्लो यांसारखी विश्लेषणाची साधने त्याच्यावर आजही विसंबून आहेत आणि लिनक्सवर युनिक्सओडीबीसी भक्कमपणे उभे आहे. जिथे जावासाठी थेट ड्रायव्हर नाहीच, तिथे व्यावसायिक पूलही विकत मिळतात. जावा २२ मध्ये, म्हणजे २०२४ साली, बाहेरच्या सी-लायब्ररीला हाक मारण्याची नवी आणि अधिक सुरक्षित सोय पक्की झाली. तेव्हा पूल बांधण्याची गरज संपली असे म्हणता येणार नाही. पूल आधाराचा असावा, मुक्कामाचा नसावा, एवढेच त्या पहिल्या पुलाने शिकवले.

आता काय करावे

जेडीबीसीच्या वर आज हायबरनेट, स्प्रिंग अशा थरांची दाटी आहे. कनेक्शन दर वेळी नवे उघडण्याऐवजी हिकारीसारखा पूलर उघडी कनेक्शने राखून ठेवतो आणि मागेल त्याला देतो. नव्या प्रोग्रॅमरला कित्येकदा खाली जेडीबीसी आहे याचा पत्ताही नसतो. तो असायला हवा. वरचा थर अडला की उत्तर खालीच सापडते: कनेक्शन बंद केले नाही, व्यवहार मध्येच राहिला, अक्षरसंच चुकला.

शिक्षकांना विनंती अशी की ड्रायव्हरचे चार प्रकार शिकवा, पण प्रयोग पहिल्या प्रकारावर थांबवू नका. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल फुकट मिळते. पहिल्याच तासाला प्रिपेअर्ड स्टेटमेंट आणि पहिल्याच टेबलात देवनागरी नावे असू द्या.

दुसरी विनंती ज्यांच्या कपाटात जुने संगणक आहेत त्यांना. गावच्या ग्रंथालयाची पुस्तकनोंद, पतसंस्थेची सभासद-यादी, शाळेचे जुने दाखले, मंडळाची वर्गणी, असे कितीतरी दफ्तर एमडीबी फाइलींत आणि जुन्या फॉन्टांत पडून असू शकते. ते वाचू शकणारी यंत्रे आणि ते प्रोग्रॅम माहीत असलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. येत्या सुट्टीत त्या फाइलींची आधी एक प्रत करा, मग यूकॅनअ‍ॅक्सेसने त्या उघडा, फॉन्टमधली मराठी युनिकोडमध्ये आणा आणि सगळे एखाद्या मुक्त डेटाबेसमध्ये ठेवा. काम किचकट आहे, पण ते एकदाच करावे लागते. आज केले तर जमेल. आणखी दहा वर्षांनी करायला घ्याल, तेव्हा त्या फाइली उघडणारे यंत्रच हाताशी नसेल.